खुबा, मनगट आणि बाल्कनीची खोली

माझं मनगट मोडलं ते विहीणबाईंना चालायला शिकवताना. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत यावरून नाही नाही त्या गोष्टी उठल्यात. चौथ्या मजल्यावरची एक तर म्हणे, आंटीजी खोलीसाठी मुद्दाम पडल्या. मुद्दाम पडायचं असतं तर मी डावा हात मोडून घेतला असता. एवढी अक्कल यायला चौथीपर्यंतची शाळा पुरते, आणि तेवढी मी शिकलेय.

आता खोली कोणती, ते. आम्ही गुडगावात राहतो. गुरुग्राम म्हणायचं असतं, पण तसं फक्त मेट्रोत बोलणारी ती बाई म्हणते. आठव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, मालक कॅनडात. आमचे सुभेदार संपतराव गेले आणि मुलगा कृष्णात मला कँटोन्मेंटजवळच्या घरातून इथं घेऊन आला, तेव्हा मी एकच अट घातली होती. बाल्कनीची खोली माझी. त्या बाल्कनीतून सोसायटीचं गेट दिसतं. कोण कधी आलं, कोणाच्या घरी रोज बाहेरचं जेवण येतं, कोणाची सून टॅक्सीतून उतरते आणि कोणाची दुसऱ्याच्याच गाडीतून, सगळं दिसतं. मी कुणाला काही सांगत नाही. पण मला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि वचक बसायला तेवढं पुरतं. गेटवरचा गार्डसुद्धा अनोळखी माणूस आला की आधी मान वर करून माझ्याकडे बघतो. खोलीला लागूनच बाथरूम. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

दिवाळीत आमच्या विहीणबाई आकाशकंदील लावायला खुर्चीवर चढल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. नाव चंद्रप्रभाबाई. जन्म सरकारी नोकरीत गेला, दिल्लीत एका भवनात फायली हलवत. यजमान लवकर वारले, त्यामुळे दिल्लीतल्याच द्वारकेला एकट्या राहायच्या. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि माझी सून त्यांना 'थोडे दिवस' म्हणून घेऊन आली. सुनेचं नाव विजयालक्ष्मी. पोरीला एवढं लांब नाव ठेवणारी बाई थोडे दिवस म्हणजे किती दिवस राहणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्ही तिला विजू म्हणतो.

बाथरूम लागून आहे म्हणून माझी खोली त्यांना दिली आणि मला नातीच्या, अहिल्येच्या खोलीत टाकलं. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या टॉवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. टाकी कधी येत नाही की जात नाही. मी एक शब्द बोलले नाही. म्हणजे कृष्णातला बोलले, विजूला बोलले, फोनवर नणंदेला बोलले, पण विहीणबाईंना एक शब्द नाही. मी मुलाकडची आहे. कृष्णातच्या लग्नात पहाडगंजच्या हॉलमध्ये या बाईनं चांदीच्या ताटात माझे पाय धुतलेत. कपाळाला आठी घालून धुतले, पण धुतले.

तर चालणं. त्यांना व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा. त्यानं शिकवलेलं त्या इतकं नियमानं करायच्या की बघणाऱ्याचा जीव जावा. वॉकर पुढे ठेवायचा. थांबायचं. वरून मंजुरी यायची वाट बघायची. मग एक पाय. पुन्हा थांबायचं. मी म्हटलं, विहीणबाई, असं चाललात तर बाथरूममध्ये पोचेपर्यंत पाडवा उजाडेल, द्या इकडे, मी दाखवते. आमच्या गावाला मी डोक्यावर दोन घागरी घेऊन ओढा उतरलेली बाई. मला काय ठाऊक, त्या वॉकरला पुढे चाकं असतात. फरशी नुकतीच पुसलेली. मी जोर लावला आणि वॉकर निघाला. मी त्याच्या मागोमाग हॉल ओलांडला, जेवणाचं टेबल ओलांडलं आणि फ्रिजवर जाऊन थांबले. उजवं मनगट कट्‌कन वाजलं. मी जमिनीवर, वॉकर उभा.

खुर्चीत बसलेल्या विहीणबाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "वेग चांगला आहे."

प्लास्टर चढलं. दुखण्याचं मला काही नाही, मी तीन बाळंतपणं काढलीत. पण एका हातानं नऊवारी नेसता येत नाही. निऱ्या घालायला दोन हात लागतात, कासोटा खोचायला दोन हात लागतात. लग्न झाल्यापासून अंगाला दुसरं काही लागलं नव्हतं, आणि आता विजूनं मला स्वतःचा गाऊन चढवला. त्यावर फुलपाखरं. मोठाली, निळी. मी खाली बागेत जाणं बंद केलं. बायका वर येऊन विचारायच्या, आंटीजी, क्या हुआ? मी अंगावर शाल ओढून म्हणायची, कुछ नहीं, ज़रा लचक है. तिकडे विहीणबाईसुद्धा प्रत्येकीला सांगायच्या की होळीला आपण रस्त्यावर पळताना दिसू. दोघींपैकी एकीनंही कुणापुढे 'आई गं' म्हटलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जानेवारीत कृष्णातनं दोघींना समोर बसवलं. घसा तीनदा खाकरला. डॉक्टर म्हणतात की विहीणबाईंनी यापुढे एकटं राहू नये, म्हणजे त्या आता कायमच्या इथं. आणि मीही पडलेय. तेव्हा बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवायचे. कॅनडातल्या मालकानं एकाच बाथरूमच्या टाइल्सना भोकं पाडायची परवानगी दिलीय. बाल्कनीच्या खोलीतलं बाथरूम मोठं, तेव्हा दांडे तिथं लागतील. रविवारी प्लंबर येणार. ज्याला दांड्यांची गरज जास्त, त्याची ती खोली, कायमची. कोणाची, ते तुम्ही दोघी ठरवा, असं म्हणून तो ऑफिसला पळाला. सरहद्दीवर लढलेल्या सुभेदाराचा मुलगा.

घरात कोणी ठरवायला तयार नव्हतं, तेव्हा मला अहिल्येची आठवण झाली. ही पोरगी दिल्लीत कॉलेजात जे शिकते ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं. मी लोकांना सांगायची, बँडेजं मोजते. पण आता खोली गेली होती, म्हणून नीट विचारलं, आणि तिनं नीट सांगितलं. पडून, भाजून, गाडीखाली येऊन लोकांना इजा होते. त्यात मेलेल्यांची मोजदाद सोपी. जे मेले नाहीत, लंगडतायत, कण्हतायत, ते कसे मोजायचे? एकाचं बोट गेलं, एकीचा खुबा गेला, दोन्हीला एक-एक धरलं तर तो काही न्याय नाही. म्हणून प्रत्येक इजेला वजन द्यायचं. ठणठणीत माणूस म्हणजे शून्य, मेलेला म्हणजे एक, बाकी सगळे मधे. त्या वजनाला गुणायचं, दुखणं किती काळ टिकलं त्यानं. अशी सगळ्यांची बेरीज केली की देशावर दुखण्याचा बोजा किती ते कळतं.

वजन कोण ठरवतं, मी विचारलं. मला वाटलं डॉक्टर. तर नाही. तुमच्या-आमच्यासारखी माणसं. घरोघर जायचं, दोन माणसांचं वर्णन वाचून दाखवायचं, एकाला हे झालंय, दुसऱ्याला ते झालंय, आणि विचारायचं, दोघांत जास्त तंदुरुस्त कोण? हजारो लोकांची उत्तरं जमली की वजनं आपोआप वर येतात. आणि ज्याला इजा झालीय त्यालाच का विचारत नाहीत? तर म्हणाली, त्याला सवय होऊन जाते, आजी. हे मला पटलं. बर्फात संपतरावांची पायाची दोन बोटं गेली. मी रडून घर डोक्यावर घेतलं, आणि हे म्हणतात, बूट ज़रा सैल झाला, एवढंच.

मी म्हटलं, मग आम्हा दोघींना तोल. ज्याचं वजन जास्त भरेल त्याची खोली.

"आजी, हे पॉप्युलेशनसाठी असतं यार," अहिल्या म्हणाली. "खोलीसाठी नाही."

मी म्हटलं, जनगणनेची बाई आली तेव्हा तिनं मला मोजलं होतं की नाही? मग मी आहे त्यात. पोरीनं वही काढली. शिवाय तिला खऱ्या कामाआधी थोड्या लोकांवर सराव करायचाच होता, आणि शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इमारतभरच्या बायका पायानं चालत येणार. तिनं अटी घातल्या. कार्डावर नावं नाहीत. खोलीचा उल्लेख नाही. आणि बायकांवर दबाव नको म्हणून आम्ही दोघींनी समोर दिसायचं नाही.

विहीणबाई लगेच तयार झाल्या. त्यांचीही एक अट होती. कार्डावरचा मजकूर दोन्ही पक्षांना मान्य झाल्याखेरीज कार्ड बाहेर जाणार नाही. जन्मभर टेंडरं उघडलेली बाई ती.

झालं, बुधवारपासून कार्ड लिहिणं सुरू. अहिल्येनं लिहिलं: पहिल्या व्यक्तीचं खुब्याचं हाड मोडलंय, आधाराशिवाय चालता येत नाही, उठता-बसता दुखतं. दुसऱ्या व्यक्तीचं मनगट मोडलंय, त्या हातानं वस्तू उचलताना, पिळताना दुखतं, कपडे घालताना मदत लागते. मी म्हटलं, कपडे घालणं वेगळं आणि नऊवारी नेसणं वेगळं, नऊवारी घाल. विहीणबाई म्हणाल्या, त्यांची नऊवारी कार्डात जाणार असेल तर मला मंडळाच्या मीटिंगला जाता येत नाही तेही जाईल. मी म्हटलं, त्या मीटिंगला न जाणं हे दुखणं नसून औषध आहे. अहिल्येनं नऊवारी आणि मंडळ दोन्हीवर काट मारली. म्हणाली, कार्ड ऐकणाऱ्याला बिहारमध्येसुद्धा कळलं पाहिजे.

मग काळाचा प्रश्न आला. माझं प्लास्टर होळीपर्यंत निघणार, विहीणबाईंचं दुखणं जन्मभराचं. जन्मभर म्हणजे किती, ते धरायला हवं. अहिल्येनं जरा चाचरतच विचारलं, नानी, तुम्ही अंदाजे...

विहीणबाई म्हणाल्या, नव्वद. त्यांच्या मावशीनं नव्वद पाहिली होती.

मी म्हटलं, माझं मनगट दर थंडीत ठणकणार आहे, आणि मी पंच्याण्णव थंड्या बघणार. त्या म्हणाल्या, मग त्यांच्या एका आत्यालाही धरायला हवं, ती अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी स्वतःच्या दातांनी ऊस खायची. मी म्हटलं, आमच्या घरात मरायची पद्धतच नाही, माणसं कंटाळून निघून जातात. विजू ओट्यापाशी मटार सोलत होती. तिनं फ्रिजचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. आठवडाभरापूर्वी आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ 'आता आमचं काय राहिलंय' म्हणत होतो. आता दोघी शंभरीला टेकलो होतो, आणि अजून कोणी माघार घेत नव्हतं.

शनिवारी धुकं असं की बाल्कनीतून गेटसुद्धा दिसेना. बायका कांजीवरमवर कोट घालून आल्या. विजूनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. अहिल्या आपल्या खोलीत कार्डं घेऊन बसली, एकेकीला आत बोलवायची. आम्हा दोघींना बाल्कनीच्या खोलीत कोंडलं. पलंगावर मधे तिळगुळाची ताटली, एका बाजूला त्या, एका बाजूला मी. आता या इमारतीतल्या भिंती कशा असतात ते बिल्डरला आणि आम्हाला ठाऊक. बोटानं वाजवली तर पुठ्ठ्यासारखी वाजते. अहिल्येच्या खोलीतला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पलंग भिंतीकडे सरकवला. त्यांचे दोन हात, माझा एक.

पहिली आली बाराव्या मजल्यावरची नीला, नागपूरची. तिनं दोन्ही वर्णनं ऐकली आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाली, जास्त तंदुरुस्त दुसरी. मनगटवाली. ती चालती-फिरती आहे, तिला काय धाड भरलीय.

मी ताठ बसले. धाड शब्द वगळला तर बाई शहाणी आहे. मग केरळची टीचर आली. तिनं हिंदीत तेच सांगितलं, वर म्हणाली, हाथ तो जुड़ जाएगा. मी आणखी ताठ बसले. तिसरी, चौथी, सगळ्या माझ्याच बाजूनं. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडून 'दूसरी ज़्यादा तंदुरुस्त' आलं की मी विहीणबाईंकडे बघून तिळगुळाचा एक लाडू तोंडात टाकायची. चार लाडू खाऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी हरतेय. तंदुरुस्त ठरले की खोली गेली. पण खरं सांगते, लाडू काही कडू लागला नाही. फुलपाखरांच्या गाऊनमध्ये बसलेल्या बाईला पंधरा दिवसांत कुणी तंदुरुस्त म्हटलं नव्हतं.

विहीणबाईही खुशीत होत्या. खोली त्यांच्याकडे चालली होती. त्यांनी शांतपणे एक लाडू उचलला.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची ती आली, मी मुद्दाम पडले म्हणणारी. तिचा आवाज तसाही भिंती मानत नाही. सगळं ऐकून म्हणाली, "दूसरी वाली ठीक है जी. पहली तो बेचारी गई."

विहीणबाईंचा लाडू ओठांशी थांबला.

आजारी म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. अपंग म्हटलं असतं तरी, कारण ते सरकारी कागदात बसतं. बेचारी बसत नाही. एकटीनं नोकरी करून पोरगी वाढवलेली बाई, सगळ्या साहेबांना पुरून उरलेली. त्यांनी लाडू ताटलीत परत ठेवला आणि वॉकर ओढला. मी म्हटलं, विहीणबाई, बाहेर जायचं नाही, नियम आहे.

"नियम मी तुमच्या आधीपासून पाळतेय," त्या म्हणाल्या. "सरका."

आणि निघाल्या. या वेळी मंजुरीसाठी कुठं थांबल्या नाहीत. वॉकर खाडखाड पुढे, पाय त्याच्या मागे, दार, पॅसेज, थेट हॉलच्या मधोमध. बायका पाय आवरून वाट द्यायला लागल्या. विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि आकाशवाणीवर बातम्या देतात तसल्या हिंदीत जाहीर केलं, "पहली महिला मैं हूँ. मुझे इस कमरे की आवश्यकता नहीं है."

कमरा कोणता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अहिल्येनं खोलीचा उल्लेख कार्डात येऊ दिला नव्हता ना. चौथ्या मजल्यावरची मागून धावत आली आणि विजूला विचारायला लागली, कमरा किराए पे दे रहे हो? तिचा भाचा नोएडाहून बदली होऊन येणार होता, शाकाहारी होता, सिगरेट पीत नव्हता. आणखी दोघींनी भाडं विचारलं. विजू सगळ्यांना एकदम समजवायला लागली आणि कोणालाच काही कळेना.

मी आत बसून होते. आता खोली माझी होती. जागेवरून हलायचंही कारण नव्हतं, मी त्याच खोलीत होते, बाल्कनी चार पावलांवर. पण विचार करा. जी खोली तंदुरुस्त बाईला नको, ती मी घेतली तर मग बेचारी कोण?

मी शाल टाकली आणि बाहेर आले. सगळ्या सोसायटीनं फुलपाखरं पाहिली. बघू देत. मी म्हटलं, दूसरी मैं हूँ, और मुझे भी नहीं चाहिए. विहीणबाई म्हणाल्या, घ्या, घ्या, तुम्हाला दांडे लागतील. मी म्हटलं, तुम्हालाच राहू द्या, तुमचं वय झालं. त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत. त्यांनी वॉकरचा एक हात सोडला आणि डावा, म्हणजे मोडलेल्या खुब्याकडचा पाय टाइलवरून चांगला वीतभर उचलून दाखवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. टेबलावर या वर्षीच्या वाणाची परात होती, स्टीलच्या गाळण्यांनी भरलेली. मी ती डाव्या हाताच्या तळव्यावर उचलली, खांद्यापर्यंत नेली, आणि म्हटलं, बघा.

त्यांनी बघितलं. परात खांद्यावर राहिली, गाळण्या राहिल्या नाहीत. शिगोशीग भरलेली परात हळूच कलली आणि गाळण्या एकीमागून एक सोफ्याखाली, टीव्हीखाली, पॅसेजमधून पार दाराबाहेर लिफ्टपर्यंत गडगडत गेल्या. मग इमारतीतल्या सगळ्या मानाच्या बायका कांजीवरम सावरत चार पायांवर आल्या. केरळची टीचर सोफ्याखाली अर्धी गेली आणि तिला नीलानं पायाला धरून ओढलं. चौथ्या मजल्यावरची लिफ्टमध्ये गाळणी आणायला गेली ती लिफ्टबरोबर खाली गेली. विहीणबाई मधोमध उभ्या राहून वॉकरच्या पायानं दिशा दाखवत होत्या, त्या कपाटामागे एक, तिकडे, तिकडे. मी इतकी हसले की प्लास्टरमधला हातसुद्धा हसायला लागला.

गाळण्या मिळाल्यावर बायकांनी आपापली उत्तरं बदलायला रांग लावली. आता कोणालाच आम्हा दोघींपैकी एकीलाही कमी म्हणायचं नव्हतं. दोनों एकदम फिट, लिख लो बेटा. अहिल्या दारात कार्डं हातात घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझा सगळा डेटा गेला." आणि खाली बसून उचकी लागेपर्यंत हसली.

रविवारी प्लंबर आला. खोली कोणालाच नको होती, त्यामुळे भोकं पाडायला माणूस आला आणि दांडे कोणासाठी ते ठरलेलंच नव्हतं. विहीणबाई हॉलच्या एका टोकाला पेपर वाचत होत्या. मी दुसऱ्या टोकाला टीव्ही बघत होते. टीव्ही बंद होता. कृष्णात माझ्याकडे बघे, विजू तिच्या आईकडे बघे. प्लंबरनं आठवण म्हणून ड्रिल एकदा हवेतच घुर्रर्र करून दाखवलं.

पेपर खाली न करता विहीणबाई म्हणाल्या, "माझी आई नऊवारीच नेसायची. शेवटी शेवटी मीच नेसवायची तिला."

मी रिमोटनं बंद टीव्हीचा आवाज वाढवला.

"उभं राहायला मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "मी स्टुलावर बसेन. गोल तुम्हाला फिरावं लागेल."

मी टीव्हीकडेच बघत विचारलं, "कासोटा येतो?"

"टेंडरच्या फायली बांधल्यात मी पस्तीस वर्षं. सुटलेलं काही आठवत नाही."

मग मी कृष्णातला हाक मारली आणि सांगितलं, माझा पलंगही बाल्कनीच्या खोलीत लाव. कारण नीट समजून घे. मी पडले म्हणून मी तिथं जात नाही. नऊवारीला मोठा आरसा लागतो आणि तो त्या खोलीत आहे. आणि विहीणबाई खुब्यासाठी तिथं राहत नाहीत, मला नेसवायला राहतात. विहीणबाईंनी पेपर उलटला आणि म्हणाल्या, मंजूर. कृष्णात काही बोलणार होता. विजूनं त्याच्या पायावर पाय दिला.

दांडे किती उंचीवर, प्लंबरनं विचारलं. मी माझ्या कमरेला हात लावून दाखवला, विहीणबाईंनी त्यांच्या. त्या माझ्यापेक्षा वीतभर उंच. मालकानं एक बाथरूम म्हटलं होतं, दांडे किती ते म्हटलं नव्हतं. दोन्ही लागले. आता आमचं बाथरूम मिलिटरीच्या कसरतीच्या मैदानासारखं दिसतं.

सोमवारी सकाळी मी स्टुलाभोवती फिरत होते आणि त्या निऱ्या घालत होत्या. सहावारीच्या सवयीनं निऱ्या बारीक घातल्या, मी सांगितलं, हे काय, झालर करताय का? त्या म्हणाल्या, हलू नका, मोजणं चुकतं. पुन्हा सोडलं, पुन्हा घातल्या. कासोटा इतका आवळला की मी दोन श्वास राखून घेतले. मग पदर डोक्यावर घेऊन मी बाल्कनीत गेले. धुकं उठलं होतं. खाली गार्डनं मान वर केली, मला बघितलं आणि टाचा जुळवून सलाम ठोकला.

आता एकच गोष्ट राहिलीय. परवा अहिल्या सांगत होती की तिच्या सरांनी हळदीकुंकवातली सगळी उत्तरं काढून टाकली. जिच्याबद्दल विचारायचं तिनंच मधे येऊन पाय उचलून दाखवला, तर तो सराव धरता येत नाही म्हणे. म्हणजे मोठ्या मोजणीत इतर सगळे आहेत, पण आमचा खुबा आणि मनगट नाही. मी म्हटलं, मग देशाची बेरीज चुकली की. विहीणबाईंनाही ते पटलं. त्यांनी सरांना अर्ज लिहायला घेतलाय, तीन प्रतींत, वर संदर्भ क्रमांक टाकून. की सदर मोजणीतून दोन महिला वगळल्या गेल्यामुळे एकूण बोजा कमी भरत असून तो सुधारून घ्यावा. खाली त्यांची सही आहे आणि शेजारी माझी. माझी डाव्या हाताची आहे. तरी वाचता येते, त्यांची येत नाही.